रान बघून पेरायचं इंग्रजी

रांजणगाव शेणपुंजीच्या गल्लीत शिरलं की विजेच्या खांबांवर दोन पाट्या हमखास दिसतात. एक ‘खोली भाड्याने देणे आहे’ आणि दुसरी ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला’. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांत कामाला आलेल्या पोराला दोन्ही लागतात. खोली निदान आधी बघून तरी घेता येते.

अलीकडे दुसऱ्या पाटीचा भाव वाढलाय. २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्याच सुमारास जेएसडब्ल्यू आणि एथर एनर्जी यांचीही नावं तिथल्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीसाठी पुढे आली. तेव्हापासून बिडकीन ते पैठणच्या टपऱ्यांवर एकच विषय आहे. नोकऱ्या येतील, पण आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही, मग बाहेरची घेतील. जुन्या कंपन्यांनाही घाई झालीय. एचआरचे साहेब फोन करतात आणि म्हणतात, “आमच्या तीस ऑपरेटरना तीन महिन्यांत इंग्रजी शिकवून द्या.”

अशा काही वर्गांच्या आखणीत मी होतो. पहिला साफ फसला, ते पुढे येईलच. नोकरी करता करता शिकणाऱ्या माणसासाठी इंग्रजीचा अभ्यासक्रम ठरवतात कसा, त्यात डोकं कुठं लावावं लागतं, आणि तीस दिवसांचं गणित का जुळत नाही, ते इथे उलगडून बघू.

## ‘येत नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही?

वाळूजमधल्या एखाद्या ऑपरेटरचं साधं बोलणं ऐका. “सेकंड शिफ्टला जॉब लावला, ऑफसेट घातला, पहिला पीस क्वालिटीला दाखवला तर रिजेक्शन, मग सेटरला बोलावलं.” मोजा, आठ शब्द इंग्रजी आहेत. आणि हाच माणूस विचारल्यावर म्हणतो, “मला इंग्रजी येत नाही.”

त्याच्याकडे विटा आहेत, गिलावा नाही. शब्द आहेत, पण त्यांना जोडून वाक्य उभं करायची सवय नाही. शिवाय वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं ही चार वेगळी कामं आहेत. मशीनच्या पडद्यावरचा ‘ओव्हर ट्रॅव्हल’ हा अलार्म वाचून जो लगेच बटण दाबतो, त्यालाच परदेशी पाहुण्याच्या तोंडून तेच दोन शब्द आले तर ओळखू येत नाहीत. त्यात वयाचाही फरक असतो. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. आज चाळिशीत असलेल्या कामगाराची एबीसीडी पाचवीत सुरू झाली आणि दहावीच्या पेपरात संपली. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराने पहिलीपासून इंग्रजी वाचलेलं असतं, पण बोललेलं नसतं. दोघांना एका बाकावर बसवून एकच धडा दिला की एकाला झोप येते आणि दुसऱ्याला घाम फुटतो.

कामापुरती परकी भाषा शिकणं आपल्या मराठवाड्याला तसं नवीन नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. शाळेचं तोंड न बघितलेल्या आपल्या पणजोबांनाही खासरा, पहाणी, वसूल, जामीन, मुखत्यारनामा हे शब्द पाठ होते. त्यांना उर्दू शेरोशायरी कळायची गरज नव्हती. पटवाऱ्याच्या कागदात आपलं वावर कुठं लिहिलंय आणि किती लिहिलंय, एवढं समजलं की भागायचं.

इंग्रजीच्या बाबतीत जगभर याला ‘इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस’ म्हणतात. आपण इथे ‘कामापुरतं इंग्रजी’ म्हणू. हे हलक्या दर्जाचं इंग्रजी असतं असा गैरसमज नको. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणारे वैमानिक आणि त्यांच्याशी बोलणारे नियंत्रक यांच्यासाठी २००८ पासून इंग्रजीची किमान पातळी सक्तीची आहे, आणि त्या परीक्षेत विमान सोडून दुसऱ्या कशाची फारशी चौकशी नसते. विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी तर इंग्रजी मुद्दाम आखूड केलेलं आहे. सुमारे ९०० मंजूर शब्द आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. ‘क्लोज’ म्हणजे फक्त बंद करणे. ‘जवळ’ म्हणायचं असेल तर ‘निअर’ लिहायचं. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनीही हा नियम पाळायचा. मग आपल्या फिटरला वीस हजार शब्द कशाला हवेत?

## मापं न घेता शिवलेला सदरा

माझा पहिला वर्ग एका सुट्या भागांच्या कारखान्यात होता. मी बाजारातलं जाडजूड व्याकरणाचं पुस्तक उचललं आणि साध्या वर्तमानकाळापासून सुरुवात केली. ‘राम गोज टु स्कूल.’ समोर पस्तिशीची माणसं, हाताला ऑइल, नाईट शिफ्टचे लाल डोळे. पहिल्या दिवशी अठ्ठावीस जण होते, पाचव्या आठवड्यात नऊ उरले. त्यातल्या एका मामांना मी विचारलं, अवघड जातंय का? ते म्हणाले, “कळतंय सर. पण राम शाळेत जाऊन आमच्या काय कामाचा?”

त्या प्रश्नावर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिलेत. अभ्यासक्रम ठरवण्याआधी मापं घ्यायची, यालाच ते गरज-विश्लेषण म्हणतात. शिंपी जशी छाती, कंबर, बाही वेगवेगळी मोजतो, तशी इथेही तीन मापं असतात. ही विभागणी १९८७ साली टॉम हचिन्सन आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोघांनी मांडली आणि आजही ती वापरात आहे. काम काय मागतं ही गरज. त्यातलं माणसाला काय जमत नाही ही उणीव. आणि त्याला स्वतःला काय हवंय ही इच्छा.

कागदावर हे सोपं वाटतं. कारखान्यात गेलं की चार तोंडांतून चार उत्तरं येतात. एचआर म्हणतं, “कम्युनिकेशन स्किल वाढलं पाहिजे.” याचा अर्थ त्यांनाही नीट ठाऊक नसतो. शॉपवरचा सुपरवायझर म्हणतो, “शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये धड लिहीत नाहीत, पुढच्याला कळत नाही मशीन का बंद होतं.” क्वालिटीवाले म्हणतात, “ऑडिटर थेट ऑपरेटरला विचारतो आणि हे माझ्याकडं बघतात.” औषधाच्या कंपन्यांत हा प्रश्न फार मोठा आहे, कारण परदेशी तपासनीस मॅनेजरला बाजूला ठेवून बॅच रेकॉर्ड भरणाऱ्यालाच विचारू शकतात. आणि ऑपरेटर? तो आधी काहीच सांगत नाही. चहा झाल्यावर म्हणतो, “पोरगी इंग्लिश मीडियमला आहे सर. मीटिंगला मॅडम इंग्रजीत बोलायलेत आणि मी नुसती मान हलवायलो.”

हे शेवटचं वाक्य कंपनीच्या कामाचं नाही, म्हणून ते यादीतून खोडायची चूक बरेच जण करतात. माझ्या मते तेच सगळ्यात आधी लिहून घ्यावं. गरज कंपनीला वर्ग काढायला लावते, पण दिवसभर उभं राहून थकलेला माणूस वर्गात येतो तो इच्छेच्या जोरावर. तासातली पाच मिनिटं मुलीच्या शाळेतल्या मीटिंगला दिली तर उरलेली पंचावन्न तो रजिस्टरला देतो.

मापं घ्यायची रीत म्हणाल तर फॉर्म वाटू नयेत. ‘तुम्हाला इंग्रजी सुधारावंसं वाटतं का?’ या प्रश्नावर ‘नाही’ कोण लिहील? त्यापेक्षा तिन्ही शिफ्टमध्ये दोन-दोन तास नुसतं उभं राहावं. माणूस दिवसभरात इंग्रजीला कुठं कुठं अडतो ते टिपावं. रजिस्टरची पानं, मशीनवरच्या सूचना, रसायनाच्या ड्रमवरचं लेबल, ड्रॉइंग, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे साहेबांचे मेसेज, असं सगळं गोळा करावं. हाच खरा क्रमिक ग्रंथ, आणि तो फुकट मिळतो. काळ्या रानात कापूस आणि बरडावर बाजरी हे ज्याला कळतं, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणखी एक. असं उभं राहिल्यावर कधी कधी लक्षात येतं की इथे इंग्रजी शिकवायची गरजच नाही. मशीनच्या दहा अलार्मचे अर्थ कळत नसतील, तर दहा ओळींचा मराठी तक्ता मशीनला चिकटवला की प्रश्न मिटतो. ड्रमवरच्या धोक्याच्या सूचनेसाठी कामगाराने तीन महिने इंग्रजी शिकायची वाट बघणं हा तर गुन्हाच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातही सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायच्या, असं कलम होतं. जीव वाचवणारी गोष्ट आधी मराठीत असावी, हिंदी बोलणारे कामगार असतील तर हिंदीतही. जे मराठीत भागत नाही, तेवढंच इंग्रजीत शिकवायला घ्यावं. या गाळणीतून गेल्यावर यादी अर्ध्यावर येते.

## तीन महिन्यांत किती मावतं?

आता तासांचं गणित. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ साली भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या, तळाला ए-वन आणि माथ्यावर सी-टू. ए-वनवरचा माणूस स्वतःची ओळख करून देतो आणि समोरचा सावकाश बोलला तर साधं उत्तर देतो. ए-टूवर रोजचे ठरावीक व्यवहार जमतात. बी-वनवर आला की कामावरची अडचण स्वतःच्या शब्दांत सांगता येते. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज असा की शून्यापासून ए-वनला ९० ते १०० तास लागतात, ए-टूपर्यंत एकूण १८० ते २०० आणि बी-वनपर्यंत ३५० ते ४००. हे शिक्षकासमोर बसलेले तास, घरचा अभ्यास वेगळा.

कंपनी देते आठवड्याला दोन तास. बारा आठवड्यांचे झाले २४. म्हणजे पहिल्या पायरीचा चौथा हिस्सा. तीस दिवसांत फाडफाडवाल्याला रोज एक तास धरला तरी ३०. फाडफाडचा हिशेब असा आहे.

मग २४ तासांत काहीच होणार नाही? होतं की. पण हे टँकरचं पाणी आहे, कॅनॉलचं नाही. जालन्याकडच्या मोसंबीवाल्याला विचारा. टँकर आला तर तो पाटाने सोडत नाही. ठिबक लावतो आणि झाडाच्या बुडाशीच थेंब पाडतो. २४ तासांत ‘इंग्रजी भाषा’ भिजवायला गेलात तर सगळं रान वरवर ओलं होईल आणि एकही झाड जगणार नाही. दहा-बारा कामं निवडा आणि त्यांच्याच बुडाशी पाणी सोडा.

ठिबकची गोष्ट वेळापत्रकालाही लागू पडते. शिकलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि मधे मधे उजळणी झाली तर टिकतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यामुळे रविवारी एकदम दोन तास घेण्यापेक्षा आठवड्यात तीन वेळा चाळीस-चाळीस मिनिटं बरी. एचआरला हे पटत नाही. त्यांना एक दिवसाचं शिबिर, बॅनर आणि फोटो सोयीचा पडतो.

## मधेच सोडून जाणाऱ्याचं काय?

इथे मराठवाड्याचं खास दुखणं येतं. वर्गातली निम्मी माणसं कंत्राटी असतात, सहा-सात महिन्यांत त्यांचा गेटपास बदलतो. मृगाचा पाऊस पडून वापसा आला की गेवराई, अंबड, परतूरकडची पोरं पेरणीला गावी जातात. दिवाळीला जातात, लग्नसराईला जातात. ओव्हरटाइम लागला की वर्ग बुडतो. बारा आठवडे सलग बसणारा विद्यार्थी फक्त आखणीच्या कागदावर असतो.

यावरचा सगळ्यात कामाचा विचार आपल्याच उपखंडात जन्मला. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याला होते. त्यांनी पाहिलं की बंगालमधली बहुतेक मुलं काही वर्षांत शाळा सोडतात आणि तोवर शिकलेल्या इंग्रजीचा त्यांना काडीचा उपयोग होत नाही. कारण अभ्यासक्रम असा रचलेला असतो की फळ शेवटच्या वर्षी लागावं. वेस्ट यांनी विम्यातला एक शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू.

हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. एलआयसीची पॉलिसी पाच वर्षांतच मोडली तर हातात किती पडतं, ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्ट यांचा प्रश्न साधा होता. विद्यार्थ्याने आज शिक्षण सोडलं तर त्याच्या पदरात काय पडतं?

माझ्या रामाच्या वर्गाला हा प्रश्न लावून बघा. पाचव्या आठवड्यात जे एकोणीस जण गेले, ते काय घेऊन गेले? साधा वर्तमानकाळ आणि अर्धा चालू वर्तमानकाळ. सरेंडर व्हॅल्यू शून्य.

म्हणून दुसऱ्या वेळी उलट केलं. प्रत्येक वर्ग स्वतःत पुरा, त्या दिवशी जो आला तो काहीतरी घेऊनच गेला पाहिजे. पहिल्या दिवशी फक्त तीन वाक्यं. ‘सावकाश बोला’, ‘पुन्हा सांगा’ आणि ‘मी सुपरवायझरला बोलावतो’. इंग्रजीत ही तीन वाक्यं ज्याला अडखळत का होईना म्हणता येतात, तो ऑडिटरसमोर पळ काढत नाही. बाकी काही आलं नाही तरी वेळ मारून नेता येते, आणि शिकणाऱ्याला वेळ मारून नेता येणं ही मोठी गोष्ट असते.

दुसऱ्या दिवशी आकडे. यावर जरा थांबतो, कारण शिकवणारे हा धडा ‘सोपा आहे’ म्हणून वगळतात. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. इंग्रजीत आधी ट्वेंटी, मग फाइव्ह. डोक्यातली गाडी उलट्या रुळावर घालायची असते. फोनवरून ऐकून घाईत लिहिताना ४५ चे ५४ होतात ते यामुळे. एकोणतीस तर आणखी वेगळं, आपण तिसातून एक वजा करतो आणि इंग्रज सरळ ट्वेंटी-नाइन म्हणतो. फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच लागतात, मशीनच्या आवाजात तर नक्कीच. आपल्या सव्वा, दीड, अडीच, पावणेदोनला इंग्रजीत एका शब्दाची जोड नाही, तिथे पॉइंट टू-फाइव्ह, पॉइंट फाइव्ह करत जावं लागतं. आता समजा ड्रॉइंगवर मापात ०.०२ मिलिमीटर फरकाची सूट दिलीय, म्हणजे २० मायक्रॉन. ऐकणाऱ्याने ‘पॉइंट टू’ लिहिलं तर चूक दहापट झाली आणि अख्खा लॉट रिजेक्शनमध्ये गेला. भूतकाळाचा प्रत्यय चुकला तर कुणाचं नुकसान होत नाही. आकडा चुकला की होतं.

तिसऱ्या दिवशी रजिस्टर. ‘मशीन बंद, वीस मिनिटं, कूलंट गळती, मेंटेनन्सला कळवलं’ एवढं चार तुकड्यांत लिहायचं. काय झालं, किती वेळ, कशामुळे, कुणाला सांगितलं. पूर्ण वाक्याचा आग्रह नाही. असे दहा-बारा दिवस रचले की कुणी सातव्याला गावी गेला तरी सहा दिवसांची शिदोरी त्याच्या हाती असते. परत आला तर आठव्यापासून बसतो, मागचं अडत नाही.

## व्याकरण टाकलं तर पाया कच्चा राहणार नाही का?

ही शंका शाळामास्तर हमखास काढतात, आणि ती रास्त आहे. पण व्याकरण टाकायचं नसतं, ते जिथे लागतं तिथे आणायचं असतं. रजिस्टर लिहिताना ‘झालं’, ‘बदललं’, ‘तपासलं’ लागतंच, म्हणजे भूतकाळ आपोआप आला. तो तिथेच दहा मिनिटं शिकवा. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या शाळांत असाच प्रयोग केला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. मुलांना व्याकरणाचे धडे न देता रेल्वेचं वेळापत्रक वाचणं, नकाशावरून रस्ता काढणं असली कामं दिली. भाषा कामाच्या मागून येते हा त्यामागचा विश्वास. तिथे शिकणारी मुलं होती आणि त्यांच्याकडे वर्षं होती, आपल्याकडे थकलेली माणसं आहेत आणि २४ तास. तेव्हा मी सगळंच कामावर सोडत नाही, अडलं की सरळ मराठीत नियम सांगतो.

हो, मराठीत. ‘वर्गात फक्त इंग्रजीच’ हा हट्ट महागड्या क्लासला शोभतो. जी गोष्ट मराठीत एका मिनिटात कळते ती इंग्रजीत हातवारे करून दहा मिनिटांत सांगायची, हे टँकरचं पाणी रस्त्यावर ओतणं झालं. समजावणं मराठीत आणि सराव इंग्रजीत, एवढा नियम पुरतो.

## शिकला की सोडून जाईल!

मालकांची ही भीती मी इतक्यांदा ऐकलीय की आता उत्तर तयार आहे. जाईल, काही जण जातीलच. पण ज्याला जायचं आहे तो इंग्रजीवाचूनही जातो, शेजारच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळाले तरी जातो. सरेंडर व्हॅल्यूचा हिशेब मालकालाही लागू आहे. वर्गाचं फळ दुसऱ्या आठवड्यापासून रजिस्टरमध्ये दिसत असेल, तर माणूस आठ महिन्यांनी गेला तरी तोवरची वसुली झालेली असते. फळ वर्षाअखेरी लागणार असेल तर मात्र मालकाची भीती खरी आहे.

खरा तंटा वेळेवरून असतो. कंपनीला वर्ग शिफ्ट सुटल्यावर हवा असतो आणि कंपनीची बस त्यानंतर पाच मिनिटंही थांबत नाही. बस गेली की बजाजनगरचा माणूस चालत जाईल, पण पैठण किंवा गंगापूरच्या रस्त्यावरच्या गावातला कसा जाणार? बायकांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला, घरी भाकरी थापायला कोण आहे? सुटल्यावर ठेवलेल्या वर्गात शेवटी बजाजनगरात खोली करून राहणारी बिनलग्नाची पोरंच उरतात. म्हणून किमान निम्मा वेळ कामाच्या तासांतला असावा ही माझी अट असते. आणि शिफ्ट दर आठवड्याला फिरत असेल तर तोच वर्ग दोनदा घ्यावा लागतो, एकदा फर्स्टसाठी आणि एकदा सेकंडसाठी. आखणीच्या कागदावर सगळ्यात वर बसचं वेळापत्रक लिहावं, वर्गाचे विषय त्याखाली.

## कामगाराला कामगारच ठेवायचा हा बेत नाही ना?

आक्षेपांतला सगळ्यात टोकदार हा आहे आणि तो एका युनियनवाल्या दादांनी माझ्या तोंडावर फेकला. “तुम्ही याला अलार्म वाचायला शिकवता, ‘येस सर’ म्हणायला शिकवता. साहेबाच्या पोराला असं मोजून-मापून इंग्रजी देतात का?”

मला त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही, पण वर्गाचे कागद पुन्हा काढून बघितले. दादा खरं बोलत होते. माझ्या यादीत सूचना ऐकणं होतं, माफी मागणं होतं, होकार देणं होतं. ‘का?’ विचारणं नव्हतं. ‘हे धोक्याचं आहे, गार्डची जाळी बसवल्याशिवाय मी मशीन सुरू करणार नाही’ हे वाक्य नव्हतं. मापं घ्यायला मी गेलो होतो, पण टेप कंपनीने दिली होती.

तेव्हापासून एक वर्ग पगाराच्या स्लिपवर असतो. विचार करा, कामगाराच्या हातात दर महिन्याला पडणारा सगळ्यात महत्त्वाचा कागद इंग्रजीत असतो, आणि एचआरने दिलेल्या कुठल्याच यादीत तो नसतो. ग्रॉस, बेसिक, डिडक्शन, नेट पे, अर्न्ड लीव्ह हे शब्द फळ्यावर लिहायचे आणि ज्याने त्याने आपली स्लिप काढायची. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के. दोन्ही मिळून १५,००० असतील तर १,८०० कापले गेले पाहिजेत, आणि तेवढाच वाटा कंपनीचा. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कामगाराकडून ०.७५ टक्के, म्हणजे १८,००० वर १३५ रुपये. कंपनीचे ३.२५ टक्के वेगळे. मोबाइलवर आकडेमोड सुरू होते आणि वर्गात पहिल्यांदा टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतं, “सर, ओव्हरटाइमची ओळ कुठं आहे?” ती का दिसत नाही, हे इंग्रजीत विचारायचं कसं, हा पुढचा धडा असतो.

सगळ्या कंपन्यांना हा वर्ग आवडत नाही. एका ठिकाणी पुढच्या वेळी बोलावणं आलं नाही.

## जमलं की नाही, कशावरून?

शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतात. ‘वर्ग कसा वाटला?’ सगळे ‘खूप छान’ लिहितात, कारण समोसा मिळालेला असतो. डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन तज्ज्ञाने १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना आवडलं का, त्यांना आलं का, कामावर ते तसं वागतात का, आणि त्याने कामात फरक पडला का. आपल्याकडे गाडी पहिल्या पायरीवरच थांबते. मी वर्ग सुरू व्हायच्या आधी रजिस्टरच्या वीस पानांचे फोटो काढून ठेवतो आणि संपल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा वीस पानांचे. दोन्ही पानं पुढच्या शिफ्टच्या माणसाला दाखवायची आणि विचारायचं, मशीन का बंद होतं ते कळलं का? परीक्षा एवढीच.

## कारखान्याबाहेर

हाच हिशेब दुसरीकडे लावला की उत्तर बदलतं. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथल्या गाइडला आणि रिक्षावाल्याला लिहिणं जवळजवळ लागत नाही, त्याचा सगळा भर ऐकण्या-बोलण्यावर. लातूर-नांदेडच्या दवाखान्यातल्या सिस्टरला पेशंटशी मराठीच बोलायचं असतं, पण केसपेपर आणि औषधाच्या चिठ्ठ्या इंग्रजीत असतात, म्हणजे तिथे वाचणं-लिहिणं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये आवाज एवढा की बोलणं हातांनीच होतं, आणि सोबतचे बरेच मजूर उत्तरेकडचे. तिथल्या नव्या मराठी सुपरवायझरला आधी चांगलं हिंदी येऊ द्या, इंग्रजीचं मग बघू. असं सांगितलं की वर्गाची फी बुडते, पण मापं तेच सांगतात.

यंदाच्या आखणीला बसताना आधी पंचांग आणि शिफ्टचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा. मृग लागल्यापासूनचे दोन आठवडे कोरे सोडा. दिवाळीचा आठवडा कोरा सोडा. वर्षअखेरीच्या स्टॉकटेकिंगचे दिवस सोडा. उरलेल्या खणांत बारा वर्ग बसवा, आणि पगाराच्या स्लिपचा वर्ग सात ते दहा तारखेच्या दरम्यान येईल असं बघा, तेव्हा स्लिप प्रत्येकाच्या खिशात असते.